ऐकलं नाही तोवर

पदवी विद्यापीठाची होती, पण ती हातात देण्याचा समारंभ कॉलेजचा होता, आणि कॉलेजचा नियम सोपा होता. जो मंचावर येईल त्याला प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळेल. जो येणार नाही त्याचा कागद विद्यापीठाच्या कचेरीत परत जाईल. मग अर्ज करा, शिक्के मिळवा, खेटे घाला. आमच्या आधीच्या वर्षातल्या एकीला तो कागद पुढच्या पावसाळ्यात मिळाला होता.

मला तो सोमवारपर्यंत हवा होता. येलहंक्याच्या पुढे औषधांचा एक कारखाना होता आणि त्याच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळाली होती. तिथल्या साहेबांनी मूळ प्रमाणपत्रासाठी एकदा मुदत वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा देता येणार नाही, असं त्यांनी मला समोर बसवून, फार सभ्यपणे सांगितलं होतं. माझ्या मागे दुसरी एक मुलगी त्याच जागेसाठी तयार होती. समारंभ शनिवारी होता. शनिवारी मंच, सोमवारी येलहंका. मधल्या रविवारी साडीला इस्त्री.

त्याच आठवड्यात दोड्डप्पांचं दुखणं वाढलं.

दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, थोरले भाऊ. आमचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी बोलतो, पण नाती अर्धी कन्नड झाली आहेत: थोरले काका दोड्डप्पा, धाकटे चिक्कप्पा, चुलतभाऊ अण्णा. दोड्डप्पा देवनहळ्ळीला राहत. त्यांची चकोत्याची, म्हणजे पपनसाची, झाडं होती आणि त्या झाडांबद्दल ते माणसांपेक्षा जास्त बोलत. लकवा झाल्यापासून ते खाटेवर होते. अप्पा दर रविवारी बसने जाऊन त्यांची दाढी करून येत. ते काम अण्णाला, म्हणजे दोड्डप्पांच्या एकुलत्या एका मुलाला, जमत नाही असं दोघा भावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी शेजारच्या आंटींकडे अण्णाचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. आंटी कुंपणावरून हाक मारत. अप्पा जाऊन बोलून आले आणि ओट्यापाशी उभे राहिले.

"डॉक्टर म्हणाले, आज नाही तर उद्या," ते अम्माला म्हणाले.

"मग निघा तुम्ही."

अप्पा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम सगळं कळलं. दोड्डप्पा आमच्याच गोत्राचे, अगदी जवळचे. ते गेले की आम्हाला दहा दिवसांचं सुतक. सुतकात देवळात जायचं नाही, शुभकार्यात जायचं नाही, कुणाचा सत्कार करायचा नाही, स्वतःचा करून घ्यायचाही नाही. आणि मंचावर उभं राहून, पाहुण्यांच्या हातून मान घ्यायचा हा समारंभ अप्पांच्या लेखी लग्नमुंजीइतकाच शुभ होता.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"आपल्याला कळेल की," अम्मा म्हणाली. विषय संपला.

पण अप्पा कर्मठ होते तसेच कायदेशीरही होते. सुतकाचा एक नियम आमच्याकडे पक्का आहे: ते मृत्यूपासून नाही, बातमी कानावर पडल्यापासून लागतं. उशिरा ऐकलं तर उरलेलेच दिवस पाळायचे. ऐकलं नाही तोवर तुम्ही मोकळे. अप्पा देवनहळ्ळीला गेले आणि तिथेच त्यांच्यासमोर काही झालं, तर ते बांधले गेले, आणि त्यांच्यामागून आम्ही. ते घरी राहिले आणि कुणी काही सांगितलं नाही, तर शनिवार पार पडणार होता.

"शनिवारी दुपारी मी जाईन," अप्पा म्हणाले. "तोवर कुणी मला काही सांगायचं नाही."

आंटींना अम्माने कुंपणावरूनच समजावलं. त्या कन्नड ब्राह्मण. त्यांच्याकडेही सुतक असतंच, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. देवनहळ्ळीहून फोन आला तर "ते घरी नाहीत" एवढंच म्हणायचं, निरोप घ्यायचा नाही, आणि घेतलाच तर आम्हाला शनिवार दुपारपर्यंत द्यायचा नाही. "सरी, सरी," आंटी म्हणाल्या. शुक्रवारी त्यांचा फोन तीनदा वाजल्याचं आम्ही भिंतीपलीकडून ऐकलं. प्रत्येक वेळी अप्पा उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मी पुढच्या खोलीत बसून दुसऱ्या दिवसाची तयारी करत होते: ओळखपत्र, गाऊनची अनामत पावती, आईवडिलांचे दोन पास, पिशवी, पिना. एकेक वस्तू हातात घेताना मला मोरीतला नळ ऐकू येत होता. तिकडे भाऊ जायच्या वाटेवर होता आणि अप्पा इकडे पाण्याच्या आवाजात उभे होते. ते माझ्या कागदासाठी. हे कुणी बोलून दाखवलं नाही, आणि मीही "जा तुम्ही" असं म्हटलं नाही, कारण ते गेले तर सोमवार जाईल हे मलाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी थंडी होती. कॉलेजच्या मैदानावर शामियाना घातला होता. आम्हाला काळे गाऊन आणि खांद्यावर टाकायच्या रंगीत पट्ट्या मिळाल्या. विज्ञान शाखेची पट्टी पिवळी होती आणि ती सतत घसरत होती. पास असल्याशिवाय फाटकातून कुणाला सोडत नव्हते; एनसीसीची मुलं खाकी गणवेशात, आयुष्यात पहिल्यांदाच अधिकार मिळाल्यासारखी, उभी होती. अप्पा आणि अम्मा आत जाऊन शामियान्याच्या कडेच्या खुर्च्यांवर बसले. आमची रांग कुंपणाला लागून, विषयाप्रमाणे, हजेरी क्रमांकाप्रमाणे.

शामियान्याच्या तोंडाशी आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडम हातात कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रांग सोडली तर गैरहजर. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

माझा विषय, रसायनशास्त्र, दुसरा होता. पहिला विषय आत गेला, लाउडस्पीकरवर नावं सुरू झाली, आणि मी सहज फाटकाकडे पाहिलं.

फाटकाबाहेर अण्णा उभा होता.

मी लगेच मान फिरवली. पण जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं. शेजारी स्कूटर, चेहरा उतरलेला, आणि डोक्याला गच्च गुंडाळलेला मफलर. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मुंडण करतो. मुंडण केलेलं डोकं थंडीत कुणीही झाकेल. दोड्डप्पा गेले, आणि बातमी फाटकापर्यंत आली आहे. अण्णाला पास नाही म्हणून ती बाहेर अडकली आहे. त्याने एक शब्द ओरडला आणि तो मला ऐकू आला, की संपलं.

"ए," मागची मैत्रीण माझ्या गाऊनला ओढत म्हणाली. "तो माणूस तुला हात करतोय."

"मला नाही."

"तुलाच. नाव घेऊन ओरडतोय."

"स्पीकरमुळे ऐकू येत नाहीये."

"मला तर येतंय."

"मग तू ऐक!" मी म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी शामियान्याकडे पाहिलं. अप्पा खुर्चीवर नव्हते. ते बहुधा कॉफी घ्यायला उठले होते आणि कडेच्या कापडाआडून त्यांनीही अण्णाला पाहिलं होतं, कारण आता ते कॉफीच्या टेबलामागच्या जाड खांबाच्या आड, फाटकाला पाठ करून, हातात रिकामा पेला घेऊन उभे होते. अम्मा जागेवरच होती. तिने पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला होता की शेजारच्या बाईने तिला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं असावं. अम्मा मान हलवत होती.

रांग दोन पावलं पुढे सरकली. पहिला विषय संपत आला होता.

मी पुन्हा फाटकाकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. अण्णा आता एनसीसीच्या मुलाशी भांडत होता. मग त्याने वैतागून डोक्याचा मफलर सोडला आणि तो हातात धरून उंच फिरवू लागला, मी बघावं म्हणून.

त्याच्या डोक्यावर केस होते. नेहमीचे, दाट, स्कूटरवर उडून उभे राहिलेले केस.

मी जागच्या जागी थबकले. मागची मैत्रीण माझ्यावर आदळली. मुंडण झालेलं नाही. बरं, तेही सोडा. दोड्डप्पा गेले असते तर अण्णा इथे आलाच कसा असता? तो एकुलता एक मुलगा. अग्नी त्याने द्यायचा. बाप घरात तसाच ठेवून, चाळीसभर किलोमीटर स्कूटर हाणत कोणता मुलगा निरोप द्यायला येतो? निरोप द्यायला शेजारी येतो, गडी येतो, मुलगा येत नाही. हे अप्पांना कळायला हवं होतं, अम्माला कळायला हवं होतं, मला तर पहिल्या नजरेतच कळायला हवं होतं. पण आम्ही तिघंही दोन दिवस कान बंद करण्यात इतके गुंतलो होतो की डोळ्यांनी दिसलेलं कुणी नीट पाहिलंच नाही.

म्हणजे दोड्डप्पा होते. आणि अण्णा आला होता, याचा अर्थ वेळ थोडा होता.

"केमिस्ट्री, चला," मॅडम म्हणाल्या.

माझ्या पुढे सहासात मुली होत्या, पण अण्णा कधीही वैतागून परत फिरला असता. अम्मा माझ्या हाकेच्या टप्प्यात नव्हती. अप्पा खांबाआड होते, आणि मैत्रिणीला पाठवलं असतं तर ती अनोळखी मुलगी बघून त्यांनी आणखी दूर पळ काढला असता. मी गाऊन गुडघ्यापर्यंत उचलला आणि रांगेतून बाहेर पडले.

"एय! कुठे?" मॅडमचा आवाज मागून आला. मी थांबले नाही.

अप्पांनी मला येताना पाहिलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. पेला पडला.

"सांगू नकोस! जा, रांगेत जा! मला काही सांगू नकोस!"

"अप्पा, त्याच्या डोक्यावर केस आहेत."

"मी ऐकत नाही!"

मी त्यांचे हात धरून खाली ओढले. वडिलांचे हात मी असे पूर्वी कधी धरले नव्हते. "अण्णाच्या डोक्यावर केस आहेत. आणि दोड्डप्पा गेले असते तर तो इथे असता का? कोण करणार मग तिकडचं?"

अप्पा वळले आणि खांबाआडून पहिल्यांदा सरळ फाटकाकडे पाहिलं. तोवर अम्माही पोचली होती.

"अय्यो," ती म्हणाली. "खरंच की. मग हा इथे करतोय काय?"

आम्ही तिघंही फाटकाकडे धावलो. एनसीसीच्या मुलाने काळ्या गाऊनमधली मुलगी, तिच्यामागे तिचे आईबाप, असं बघून स्वतःहून फाटक उघडलं.

अण्णा रागाने एकदम सुटला. "चिक्कप्पा, काय चाललंय काय तुमचं? काल दिवसभर फोन करतोय, त्या आंटी म्हणतात घरी नाही, घरी नाही. रात्री घरी नाही, पहाटे घरी नाही? म्हटलं बेंगळूर सोडून गेलात की काय! शेवटी आठवलं, आज हिचं कॉलेजात आहे, म्हणून इथे आलो. आणि आता मला बघून खांबामागे लपता?"

"कसा आहे तो?" अप्पांनी विचारलं.

"कसा असणार? कालपासून एकच: धाकटा कुठे, धाकटा कुठे. डोळे उघडले की दाराकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. चला लवकर. बेगा."

त्याच क्षणी लाउडस्पीकरवर माझं नाव आलं.

पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्या मैदानावर. मग एक छोटासा खंड पडला, नाव पुन्हा एकदा घेतलं, आणि त्यानंतर पुढच्या मुलीचं नाव आलं. टाळ्या वाजल्या.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं एक पाऊल स्कूटरच्या पायदानावर होतं, दुसरं जमिनीवर.

"जा तुम्ही," मी म्हटलं. जे मला शुक्रवारी म्हणता आलं नव्हतं ते आता फार सोपं झालं होतं, कारण आता दुसरं काही उरलंच नव्हतं. "मी बघते काय करायचं ते."

"पळ," अप्पा म्हणाले. "अगं पळ ना!"

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मी पळतापळताच ऐकला.

शामियान्याच्या तोंडाशी मॅडम तशाच उभ्या होत्या. आमचा विषय आत संपत होता. त्यांनी हातातला कागद छातीशी धरला.

"सांगितलं होतं ना मी? गैरहजर लावलंय."

"मॅडम, माझे मोठे काका..." मला धाप लागली होती. "फार सीरियस आहेत. वडिलांना निरोप द्यायचा होता."

"निरोप द्यायला दुसरं कुणी नव्हतं?"

"माझ्याशिवाय कुणाचं ऐकलं नसतं त्यांनी."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिवळी पट्टी कुठेतरी पडली होती. एका चपलेचा पट्टा तुटला होता. त्या हातातला कागद पुन्हा चाळू लागल्या, आणि तेवढ्यात मी सोमवारचा दिवस, येलहंक्याचे साहेब आणि ती दुसरी मुलगी, असं सगळं एकदा मनात हातावेगळं करून टाकलं. अर्ज कुठे करायचा, चलन कुठे भरायचं, इथपर्यंत मी पोचले होते.

"बॉटनीच्या मागे उभी राहा," त्या म्हणाल्या. "वर जाऊन मी प्राचार्यांच्या कानात सांगते. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर माझं नाव सांगायचं नाही."

बॉटनीच्या मुली फार होत्या. मी शेवटच्या मुलीच्या मागे, पट्टीशिवाय, उभी राहिले. मॅडम मंचाच्या पायऱ्या चढल्या, वाकल्या, काही बोलल्या. प्राचार्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांनी हो म्हटलं की नाही ते कळलं नाही. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मला ते वाईट चिन्ह वाटलं.

शेवटची बॉटनीची मुलगी वर गेली, खाली उतरली. नावं वाचणारे सर पान उलटू लागले. मग त्यांनी पान परत मागे उलटलं आणि माझं नाव दुसऱ्यांदा, म्हणजे खरं तर तिसऱ्यांदा, त्या मैदानावर ऐकू आलं.

मी वर गेले. प्रमुख पाहुण्यांनी हात पुढे केला, पण त्या हातात काही नव्हतं. गैरहजर मुलांचे कागद मागे टेबलाखालच्या खोक्यात टाकले होते. कारकून वाकून शोधू लागले. पाहुणे हसत उभे राहिले, मी हसत उभी राहिले, छायाचित्रकाराने एक फोटो काढून टाकला. खोक्यातले कागद वर आले, खाली गेले. शामियान्यात कुजबूज सुरू झाली. मी समोर बघितलं. अम्मा जागेवर परत येऊन बसली होती, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तिने त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती, दुसरं कुणी येऊन बसू नये म्हणून.

"हा घ्या," कारकून म्हणाले.

मी कागद घेतला आणि पहिली गोष्ट केली ती नाव तपासायची. नाव बरोबर होतं.

बाकीचं लवकर सांगण्यासारखं आहे. अप्पा दुपारच्या आधी देवनहळ्ळीला पोचले. दोड्डप्पा रविवारी संध्याकाळी गेले, अप्पांनी त्यांची दाढी केल्यानंतर. आंटींनी कुंपणावरून हाक मारली तेव्हा अम्माने विचारलं, "देवनहळ्ळी?" आणि आंटी म्हणाल्या, "हौदु, या, बोला." आम्हाला ऐकायला आता काही हरकत नव्हती. फोनवर अप्पा होते. त्यांनी आधी अम्माशी बोलून फोन मला द्यायला सांगितलं.

"कागद मिळाला?"

"मिळाला."

"मग उद्या जा येलहंक्याला. मी इथे भटजींना विचारून ठेवलंय. पोटापाण्याच्या कामाला सुतक नाही. फक्त कुणी पेढा दिला तर घेऊ नकोस." मागे कुणी रडत होतं, त्यामुळे त्यांना थोडं ओरडून बोलावं लागत होतं.

सोमवारी मी गेले. साहेबांनी प्रमाणपत्र उजेडात धरून शिक्का पाहिला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि ते फाइलला लावलं. पेढा कुणी दिला नाही.

तेरावा झाल्यावर अप्पा घरी आले, थोरल्या भावासाठी मुंडण केलेले, बारीक झालेले. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते, आणि मी न विचारताच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"शनिवारी मी आत गेलो, त्याने डोळे उघडले. मला वाटलं, आता रागावेल, एवढ्या उशिरा आलास म्हणून. बोलणं नीट येत नव्हतं त्याला. कान तोंडाशी न्यावा लागला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, आज पोरीचं होतं ना कॉलेजात? तू इथे काय करतोस?" अप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. केस नाहीत हे त्यांच्या अजून लक्षात राहत नव्हतं. "मी म्हटलं, तिनेच पाठवलं. तर विचारतो, मग मिळाला का तिला कागद?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, मला काय ठाऊक. मी निघालो तेव्हा ती पळत होती."